ट्रिगरआधी पॉलिसीचं बघा

निपाणीजवळच्या एका ऊस-तंबाखू शेतकऱ्याचं पत्र आलंय. मुलगी १४ वर्षांची, १० मीटर एअर रायफल खेळते. वापरलेली मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, घेतलीय. त्या रायफलला ७० हजारांचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बसवावा की आहे तोच ठेवावा, हा प्रश्न. शेवटी लिहिलंय, 'मुलीच्या नावावर वर्षाला ६० हजारांची पॉलिसी आहे, चार हप्ते झाले. मागचे दोन सौहार्द सहकारी सोसायटीत सोनं ठेवून भरले, व्याज १२ टक्के. माझा स्वतःचा विमा नाही.'

दादा, ट्रिगरचं नंतर बघू.

१५ वर्षं ६० हजार भरायचे, म्हणजे ९ लाख. एजंट शेवटी १४ लाख सांगतो. हा परतावा वर्षाला पाच-साडेपाच टक्के पडतो. त्यासाठी तुम्ही सव्वा लाखाच्या आसपास सोनेतारण काढून वर्षाला १४ हजार व्याज भरताय. बारानं काढून पाचनं गुंतवायला लावणाऱ्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका. त्यातून विमा कुणाचा, तर मुलीचा. घर तुमच्या कष्टावर चालतं आणि तुम्हीच उघड्यावर!

आधी स्वतःचा ५० लाखांचा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत तुमचं काही बरंवाईट झालं तरच घरच्यांना पैसे देणारा. तुमच्या ४२ व्या वर्षी हप्ता साधारण १०-१५ हजार येईल. तंबाखूची सवय असेल तर तो वाढेल, पण फॉर्मवर खरं लिहा. लपवलंत तर क्लेमच्या वेळी बायको-मुलीला धावाधाव करावी लागेल.

तो विमा हातात पडला की मुलीची पॉलिसी मोडा. भरलेल्या २ लाख ४० हजारांपैकी आज किमान निम्मे मिळायला हवेत. नुसते हप्ते थांबवून ठेवलीत तर ११ वर्षांनी २ लाख ४० हजार आणि असलाच तर बोनस. म्हणजे आजच्या १ लाख २० हजारांवर साडेसहा टक्के. कर्ज १२ टक्क्यांनी खातंय. म्हणून मोडा, सोनं सोडवा. हप्ता आणि व्याजाचे मिळून ७४ हजार दरवर्षी वाचतील. टर्मचा हप्ता जाऊन उरतील ते उसाचं बिल आलं की बँकेत मुदत ठेवीत टाका. कॉलेज चार वर्षांवर आहे, हा पैसा शेअर बाजारात नको.

'खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागेल' असंही तुम्ही लिहिता. कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे रेल्वेतच आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळालं तेव्हा तो २८ वर्षांचा होता. मुलीनं तिथवर जावं असं मलाही मनापासून वाटतं. पण ती नोकरी आज हिशेबात धरू नका.

आता ट्रिगर. नको. मॅच रायफलचा यांत्रिक ट्रिगर दोन्ही टप्प्यांत कमी-जास्त करता येतो, बोट ठेवायचं पातं मागंपुढं सरकवता येतं. १० मीटर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम दाबाची अट आहे, १० मीटर रायफलला तशी अटच नाही. कोचसमोर बसून तिच्या बोटाला जुळवून घ्या. ७० हजारांतले थोडे चांगल्या पेलेटवर (छर्ऱ्यांवर) आणि रेंजच्या तासांवर घाला. आणि वापरलेली रायफल आहे, तेव्हा हवेच्या सिलिंडरवरची तारीख आजच बघा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. ती उलटली असेल तर पहिला खर्च नव्या सिलिंडरचा.