विषय सारखा आहे की नाही, हे एआययू ठरवत नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझीच जुनी फाइल पुन्हा उघडल्यासारखं झालं. मुलगी इंग्लंडमधून एक वर्षाचं एमएस्सी करून आली, पुण्यात पीएचडीला अर्ज केला, आणि खिडकीवरून सांगण्यात आलं की "हा विषय आमच्याच विषयासारखा आहे असं एआययूकडून लिहून आणा". (एआययू म्हणजे दिल्लीतली असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज.) आता एआययूची तक्रार कुठे करायची, हा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर तक्रारीच्या भानगडीत पडूच नका. तसं पत्र ते देणार नाहीत, आणि त्यांनी ते का द्यावं?

एआययूच्या प्रमाणपत्रासाठी फॉर्म, फी, ट्रान्सक्रिप्ट वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यावर लिहीत नाही.

असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज हे सरकारी खातं नाही. विद्यापीठांनीच 1925 साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू केलेली ही संघटना, आताचं नाव 1973 पासूनचं. कुलगुरूंच्या परिषदा भरवायच्या, विद्यापीठांचं म्हणणं सरकारपुढे मांडायचं, आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धा आणि युवक महोत्सव घ्यायचे, ही त्यांची कामं. कुठल्याही विद्यापीठाला हुकूम सोडायचा अधिकार त्यांना नाही. पदवी कोण देऊ शकतं हे 1956 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्यातलं कलम 22 सांगतं. त्यामुळे काही खासगी विद्यापीठं माहितीपत्रकावर "एआययूचे सदस्य" असं ठळक छापतात, त्याला भुलू नका. सदस्यत्व वेगळं आणि मान्यता वेगळी. (हे धाकट्या भाचे-पुतण्यांनाही सांगून ठेवा, कामाला येईल.)

परदेशी पदवीच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षं त्यांचंच प्रमाणपत्र चालत आलं. त्यावर असतं काय, तर तुमची पदवी आपल्याकडच्या पदव्युत्तर पदवीच्या पातळीची आहे, एवढंच. अभ्यासक्रमात कोणते पेपर होते आणि ते इथल्या विभागाला चालतील का, हा प्रश्न त्या विद्यापीठाचा.

माझं घोडं इथेच अडलं होतं. पदवी जर्मनीची, दोन वर्षांची, नियमित. एआययूचं प्रमाणपत्र हातात. शहरातल्या एका संस्थेच्या (नाव घेत नाही) कार्यालयाने फाइल ठेवून घेतली आणि "विषयाचं पत्र दिल्लीहून आणा" म्हणून सांगितलं, तेही तोंडी. लेखी द्या म्हटलं की साहेब मीटिंगला. साहेब भेटले की "तुमचं ते टेबल वेगळं". त्या टेबलावरच्या बाई माझं प्रमाणपत्र उलटून मागची कोरी बाजू बघायच्या, तिथे काहीतरी लिहिलेलं असायला हवं होतं जणू. मधल्या काळात प्रवेशाची मुदत उलटली, वर्ष हातचं गेलं. पुढे कळलं की असं पत्र कुठल्याच नियमात मागितलेलं नव्हतं, कुणीतरी कधीतरी मागितलं म्हणून तेच चालू राहिलं होतं. आजही लिहिताना डोकं तापतं.

शेवटी काम झालं ते विद्यापीठातच. विषयाचा निर्णय अभ्यासमंडळ, समकक्षता समिती (बाहेरची पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे का ते बघणारी) आणि विद्यापरिषद अशा वाटेने जातो. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांना 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू आहे. तेव्हा गणेशखिंडीत, म्हणजे पुणे विद्यापीठात, जाल तेव्हा खिडकीपाशी ताटकळू नका. अभ्यासक्रमाची सविस्तर प्रत, पेपरनिहाय तुलनेचा तक्ता आणि एक साधा अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. महिनाभर हालचाल नाही दिसली तर माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: "माझा अर्ज कोणत्या नियमाखाली, कोणाच्या टेबलावर आहे?" कधी कधी उत्तर यायच्या आधीच फाइल पुढे सरकते.

नवीन गोष्टही लक्षात घ्या. एप्रिल 2025 मध्ये यूजीसीने स्वतःची नियमावली काढली असून परदेशी पदवीची समकक्षता यूजीसीच्याच पोर्टलवरून देण्याची तरतूद त्यात आहे. वैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, कायदा, वास्तुकला वगैरे त्यातून वगळले आहेत, त्यांच्या परिषदा वेगळ्या. म्हणून पैसे भरण्याआधी विद्यापीठाकडून लेखी घ्या की त्यांना कोणाचं प्रमाणपत्र चालेल. आणि "एक वर्षाचं एमएस्सी चालत नाही" असं कोणी म्हणालं, तर जुलै 2022 मध्ये भारत आणि ब्रिटनमध्ये पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झालाय, त्याची प्रत पुढे ठेवा.

मी वकील नाही, विद्यापीठाचा माणूसही नाही. माझी केस जर्मनीची, तुमची इंग्लंडची, तेव्हा तपशील स्वतः तपासून घ्या. फक्त "दिल्लीत आपली ओळख आहे" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. फॉर्म ऑनलाइन आहे, तो माणूस तुमच्याच कागदांचे स्कॅन चढवतो आणि त्याचे भरमसाट पैसे घेतो.

मुलीच्या पदवीचं नेमकं नाव आणि इथला विषय लिहिलात, तर तुलनेचा तक्ता कसा मांडायचा ते सांगेन.