‘कधीच’मधला ‘च’

नीटचा निकाल लागला की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो : “मॅडम, मेडिकलसाठी आता उशीर झाला ना?” विचारणारी मुलं असतात एकोणीस-वीस वर्षांची.

ही बावीसची होती (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). दोनदा नीट देऊन नंबर लागला नाही, म्हणून डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) केलं आणि तालुक्याच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये लागली. तिच्या वहीत वयांचा तक्ता होता. प्रवेश २३, साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे साडेअठ्ठावीस. शेजारच्या रकान्यात मावसबहिणीचं वय, तिचं लग्न, तिचं बाळ.

नियम मी आधी सांगून टाकते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवीत. वरची वयोमर्यादा २०२२मध्येच काढली आहे. पण नियम कळून भीती जात नाही. ती विचारात असते आणि विचार भाषेत सापडतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

“मनात जे घोळतंय ते लिही.”

तिनं लिहिलं : ‘यंदाच नंबर लागला पाहिजे. आत्ताच जमलं नाही, तर कधीच जमणार नाही.’

“आता सगळे ‘च’ खोड.”

दोन पटकन खोडले. तिसऱ्यापाशी पेन थांबलं. ‘कधीच’मधला ‘च’ गेला की ‘कधी’ उरतं. बराच वेळ ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “हा तर प्रश्न झाला.”

त्या क्षणी मी काही बोलले नाही. गप्प राहायला मला फार उशिरा जमलं.

पुढच्या भेटीत विचारलं, लॅबमधलं काय घरी गेल्यावरही डोक्यात राहतं? “एका बाईंचं हिमोग्लोबिन सहा आलं होतं. रिपोर्ट वर पाठवला. पुढे त्यांचं काय झालं, मला कळलंच नाही.” सांगताना डोळे भरून आले. हा ‘च’ मात्र मी खोडायला सांगितला नाही. डॉक्टर का व्हायचं, याचं उत्तर तिच्या वयांच्या तक्त्यात कुठंच नव्हतं. ते इथं होतं.

मग ‘कधी’चा हिशेब सोपा झाला. रिपीट करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवायला लावते. ७२०पैकी ३६० गुण बायोलॉजीचे. तिथं तिची घोडदौड होती, फिजिक्स दोन्ही वेळा तिथल्या तिथं. म्हणजे पुन्हा तोच क्लास, तेच वर्ष लावून भागणार नव्हतं. खाजगी कॉलेजची फी झेपेल की नाही, हेही आईवडिलांशी फॉर्म भरण्याआधी बोलायचं, निकालानंतर नाही. आणि पालकांनो, ताट वाढताना ‘मग पुढे काय?’ विचारू नका. त्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठरवा.

तिनं सकाळची पाळी ठेवली आहे, दुपारी फक्त फिजिक्स. पेपर मे महिन्यात. मधे एकदा जिना चढून ती वॉर्डात गेली होती. त्या बाईंना रक्त चढवून घरी सोडलं होतं, सिस्टरांनी सांगितलं. आता दर शनिवारी पाळी संपली की ती वर जाते.