गट सहाशेंचा, विचारणारा एकही नाही

प्रश्न : मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका कृषी विज्ञान केंद्रात विस्तार शिक्षणाची, म्हणजे शेतीतलं नवं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याच्या कामाची, विषय विशेषज्ञ आहे. गेल्या खरिपाआधी आजूबाजूच्या जिल्ह्यांतले विषय विशेषज्ञ, आत्माचे (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचे) तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापक आणि कृषी सहायक यांचा मी व्हॉट्सॲप गट केला. एकमेकांकडून शिकावं एवढाच हेतू होता. आज गटात सहाशेच्या वर माणसं आहेत. सकाळी गुलाबाची फुलं येतात, दुपारी परिपत्रकं, संध्याकाळी कुणाच्या तरी शिवारफेरीचे फोटो आणि त्याखाली पन्नास अंगठे. प्रश्न कुणी विचारतच नाही. दोन वेबिनार ठेवले, तर लोक हजेरी लावून गायब. आमच्या लोकांना शिकायचंच नाही का?

उत्तर : शिकायचं नाही असं एकदम म्हणू नका. आधी एक सांगा, त्या सहाशेंत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी आहेत? उपविभागाचे साहेब? असणारच. मग ज्या गटात सकाळी 'अकरापर्यंत अहवाल न आल्यास खुलासा सादर करावा' असा निरोप पडतो, त्याच गटात दुपारी 'मला ही अळी ओळखता येत नाही' असं लिहायला कुणाचा हात धजेल? गावात ज्याला सगळे 'साहेब, हे काय पडलंय?' म्हणून विचारतात, त्या माणसानं सहाशे जणांसमोर, त्यातही आपला गोपनीय अहवाल लिहिणाऱ्यासमोर, आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. मी तुमच्या गटात असते तर मीही अंगठाच दाखवला असता.

मी नोकरीला लागले तेव्हा प्रशिक्षण आणि भेट योजना जोरात होती. सगळे तिला टी अँड व्हीच म्हणायचे. पैसा जागतिक बँकेचा, कृषी सहायकाला गावं आणि वार ठरवून दिलेले, पंधरवड्याला एकदा प्रशिक्षणाचा वर्ग. विषय विशेषज्ञ महिन्याच्या कार्यशाळेला जायचे, तिथून आणलेला संदेश वर्गात सांगायचे आणि मग तो कृषी सहायकाच्या सायकलीवर बसून गावात पोहोचायचा. पाटाचं पाणी जसं वरून खाली येतं, तसा. खालचं वर फारसं जायचं नाही, हा त्या योजनेचा दोष पुढे बहुतेकांनी मान्य केला. नव्वदच्या दशकात पैसा आटला आणि योजनाही आटली.

त्या वर्गांतलं फळ्यावरचं मला आज काही आठवत नाही. आठवतो तो अकराचा चहा. आमच्यात एक वयस्कर कृषी सहायक होते, वर्गात कधी तोंड न उघडणारे. एकदा चहाच्या वेळी त्यांनी शबनम पिशवीतून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कपाशीचं झाड काढलं आणि कपबशा सरकवून टेबलावर ठेवलं. 'उभ्या उभ्या मान टाकतंय. परवापर्यंत चांगलं होतं.' कुणीतरी म्हणालं, मर. दुसऱ्यानं पेन्सिल तासायचं पातं काढून बुडाशी खोड उभं चिरलं. आत पांढरं स्वच्छ. रोगाची मर असती तर तपकिरी रेघ दिसली असती. मग पहिला खरा प्रश्न आला : 'पाऊस कधी झाला?' तीन आठवडे पावसाचा ताण होता आणि दोन दिवसांपूर्वी धो धो कोसळला होता. म्हणजे रोग नव्हे, ताणानंतर एकदम पाणी झाल्यानं येणारी आकस्मिक मर. आधी शेतातलं साचलेलं पाणी काढायला सांगा, असं ठरलं. चहा गार झाला, पण दहा जण ते खोड जन्मभर विसरले नसतील.

तुम्ही ऑनलाइन वर्ग उभा केलात. हवा होता तो चहा.

आता काय करायचं ते सांगते. सहाशेंचा गट मोडू नका, तो परिपत्रकांसाठी राहू द्या. तिथं फुलंही फुलू देत. शिकण्यासाठी दुसरा, छोटा गट करा, तीस-चाळीस जणांचा, एका पिकाच्या किंवा एकसारख्या जमिनीच्या पट्ट्यातला. व्हॉट्सॲप आता हजारावर माणसं घेऊ देतं म्हणून घ्यायलाच हवीत असं थोडंच आहे? सोयाबीन-तूर करणाऱ्यांच्या गटात डाळिंबवाल्याचं मन रमत नाही, आणि कोकणातल्या भाताचा प्रश्न आला की बाकीचे नुसते बघत बसतात. वरिष्ठांना या गटात घेऊ नका. त्यांना वाईट वाटेल, म्हणून आधीच जाऊन भेटा. सांगा, की दर महिन्याला इथं काय निघालं त्याचं एक पान तुमच्या टेबलावर येईल. माझ्या अनुभवात बरेचसे साहेब यावर खूश होतात. एक झाले नव्हते. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

गट केला की पहिला अडाणी प्रश्न तुम्हीच विचारा. खोटा नको, खरा. २०१८ च्या पावसाळ्यात अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात सापडल्याचं आम्ही वाचलं होतं, आणि सप्टेंबरात ती सोलापूर भागात मक्यावर आल्याची बातमी आली. आमचा चौतीस जणांचा गट होता. मी निवृत्तीला टेकलेली, सगळ्यांत ज्येष्ठ. मीच लिहिलं, 'मी ही अळी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. मला ओळखता येणार नाही.' पाच मिनिटं शांतता. मग एकानं लिहिलं, 'मीपण नाही मॅडम.' त्यानंतर रांगच लागली. तिसऱ्या दिवशी एका पोरानं मक्याच्या पोंग्यातला फोटो टाकला. पोंगा आणि विष्ठा, बाकी सगळं धूसर. दुसऱ्यानं त्याला सांगितलं, अळी पांढऱ्या कागदावर घे, एक फोटो डोक्याचा आणि एक शेपटीचा. वीस मिनिटांत फोटो आले. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीजवळच्या वळ्यावर चौकोनात चार काळे ठिपके. त्या दोन फोटोंनी आमच्या चौतीस जणांना जे शिकवलं, ते कुठल्या सादरीकरणानं शिकवलं नसतं.

तेव्हापासून आम्ही फोटोचा नियम केला. एक फोटो अख्ख्या शेताचा, म्हणजे रोग सरसकट आहे की ठिगळाठिगळांनी ते कळतं. एक पूर्ण झाडाचा. एक वरच्या आणि खालच्या पानांचा शेजारी शेजारी ठेवून. आणि गरज असेल तर चिरलेल्या खोडाचा किंवा मुळाचा. सोबत वाण, पेरणीची तारीख, जमीन, शेवटचा पाऊस आणि आतापर्यंतच्या फवारण्या. सोयाबीन पिवळं पडलंय, एवढ्यावर कुणी काय सांगणार? कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, आणि जमीन चुनखडीची असेल तर लोहाची कमतरता. पानावर हिरव्या-पिवळ्याचे वेडेवाकडे पट्टे आणि शेतात पांढरी माशी असेल तर मोझॅक हा विषाणूचा रोग. पहिल्याला फेरस सल्फेट, दुसऱ्याला झाड उपटणं. चुकीच्या फोटोवर उलटं सांगितलं तर शेतकऱ्याचे पैसेही जातात आणि आपली पतही.

औषधाच्या बाबतीत मात्र मी खाष्ट सासू आहे. आमच्या गटात एका तरुण सहकाऱ्यानं एकदा लिहिलं, 'पंपाला ३० मिली.' कुठल्या पंपाला? पाठीवरचा साधा पंधरा लिटरचा, वीस लिटरचा बॅटरीचा, की पेट्रोलवरचा पॉवर स्प्रे, ज्याला पाणी फार कमी लागतं? तो निरोप दुपारपर्यंत चार गावांत गेला होता. परत बोलावून घ्यायला आम्हाला दोन दिवस फोन करत बसावं लागलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, हे आपल्या क्षेत्रातल्या कुणी विसरू नये. म्हणून मात्रा कायम दहा लिटर पाण्याला लिहायची, त्या पिकावर लेबल क्लेम, म्हणजे ते औषध त्या पिकावर वापरायची मंजुरी, आहे का ते पाहायचं, विद्यापीठाची शिफारस नसेल तर गप्प बसायचं. आणि चूक झाली तर निरोप नुसता पुसून टाकायचा नाही. खाली 'मी चुकलो, बरोबर असं आहे' असं लिहायचं. पुसलेला निरोप ज्यानं आधीच पुढे पाठवलाय त्याला कसं कळणार?

वेबिनारबद्दल. पन्नास स्लाइडी आणि शेवटी 'काही शंका?' याला मी वेबिनार नाही, शिक्षा म्हणते. पंधरवड्याला एक तास, भेटीचा वार न बदलता. पहिली पंधरा मिनिटं गेल्या पंधरवड्यातले दोन प्रश्न, ज्यानं विचारले त्यानंच मांडायचे. उरलेल्या वेळात एखाद्या शेतीशाळेत (शेतकऱ्यांच्या बांधावरच्या वर्गात) काय फसलं ते ऐकायचं. फसलेलं सांगायला माणूस मिळतो, विचारून बघा. वेळ ठरवताना गटातल्या बायकांना आधी विचारा. आम्ही सुरुवातीला रात्री आठची ठेवली होती. पुरुष मंडळी झाडून हजर, आणि सहा बायकांपैकी एकही नाही. आठला कुकर लावलेला असतो हे मलाच सुचायला हवं होतं! मग मंगळवारी दुपारी साडेतीन केली. कॅमेरा बंद चालेल, बांधावरून जोडलेला चालेल, वाऱ्याचा आवाजही चालेल.

आणि एक वही ठेवा. वही म्हणजे गूगल शीट, पण आम्ही वहीच म्हणायचो. प्रश्न, फोटोची लिंक, शेवटी ठरलेलं उत्तर, कुणी तपासलं. दर महिन्याला वेगळा माणूस 'वहीवाला'. व्हॉट्सॲपमध्ये तीन महिन्यांनी काही सापडत नाही. वहीत सापडतं, आणि पुढच्या वर्षी जुलैत तेच प्रश्न पुन्हा येतात तेव्हा नवा मुलगा तिथंच आधी पाहतो.

सहा महिने असं चालवून मला पुन्हा लिहा.

प्रश्न : मी कृषी सहायक आहे (आता पदनाम सहायक कृषी अधिकारी झालं). अशा गटात वेळ घालवून प्रमाणपत्र मिळतं का?

उत्तर : नाही मिळत. प्रमाणपत्र हवं असेल तर नागपूरची वनामती, विभागाच्या रामेती आणि हैदराबादची मॅनेज या संस्था प्रशिक्षणं घेतात, ऑनलाइनही घेतात, तिकडे नाव नोंदवा. पदनामाबद्दल अभिनंदन. गावात तुम्हाला अजून वर्षभर तरी कृषी सहायकच म्हणतील.

प्रश्न : आमच्या गटात कृषी सेवा केंद्रवाले आणि कंपन्यांचे प्रतिनिधी यायचं म्हणतात. त्यांनाही बरंच कळतं. घ्यावं का?

उत्तर : कळतं यात वाद नाही. शेतकरी झाडाचं पान घेऊन आधी दुकानात जातो, मग तुमच्याकडे, हे मान्य करायला आपल्याला लाज वाटू नये. मॅनेजनं २००३ पासून दुकानदारांसाठी देसी नावाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालवलाय तो याच कारणानं. पण रोजच्या गटात त्यांना घेऊ नका. एखाद्यानं पान दाखवलं की तिसऱ्या मिनिटाला बाटलीचा फोटो येतो, आणि मग प्रश्न विचारणारा दबकतो. त्यापेक्षा महिन्यातून एका बैठकीला तालुक्यातला एक जाणता दुकानदार पाहुणा म्हणून बोलवा आणि त्याला एवढंच विचारा : या पंधरवड्यात लोक तुमच्याकडे काय मागायला येतायत? परवा असाच एक जण आमच्या ओळखीच्या गटात आला होता. म्हणाला, आठ दिवसांत मॅग्नेशियम सल्फेटची मागणी तिप्पट झाली. कपाशीची पानं लाल पडायला लागली की लोक तेच फवारतात. दुसऱ्या दिवशी चौघे कपाशीच्या शेतात गेले, तर खालची पानं लाल व्हायला लागली होती. त्यांच्यापैकी कुणाच्याच अहवालात लाल्या, म्हणजे ही पानं लाल पडण्याची विकृती, अजून आलेला नव्हता.