गाठीवर गाठ बसते, तरी पेटमधला डाग वर का दिसतो?

बडोद्याहून आपण विचारले आहे की, उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी असलेली पेट-सीटी तपासणीच्या सीटीतली गाठ प्लॅनिंग सीटीतल्या (रेडिएशन उपचार आखण्यासाठी घेतलेल्या सीटीतल्या) गाठीवर नेमकी बसते, पण पेटमधला (किरणोत्सारी औषध कुठे साठते ते दाखवणाऱ्या स्कॅनमधला) डाग मात्र बोटभर वर, निरोगी फुफ्फुसात दिसतो. तेव्हा सॉफ्टवेअर बिघडले आहे का? सॉफ्टवेअर बहुधा ठीक असावे. इंदूरमध्ये मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम करताना मी याच जागी ठेच खाल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रिजिड जुळवणीची (एक प्रतिमा न ताणता, नुसती सरकवून-फिरवून दुसरीवर बसवण्याची) प्राथमिक माहिती आपल्याला आहेच असे धरून चालतो.

आपण नेमकी कोणती सीटी जुळवली, हे आधी पाहावे. पेटच्या एकाच बैठकीत अनेक ठिकाणी दोन सीटी घेतात. एक कमी मात्रेची, कवटीच्या तळापासून मांडीपर्यंतची, संथ श्वासात घेतलेली. तिच्यावरून पेटचे अटेन्युएशन करेक्शन (शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांची भरपाई) होते. दुसरी फक्त छातीची, श्वास पूर्ण भरून रोखलेला असताना घेतलेली, बारीक कापांची आणि दिसायला फार सुरेख. पेट स्वतः दर टप्प्याला दोन-तीन मिनिटे चालते, त्यामुळे त्यात अनेक श्वासांची सरासरी उमटते. रुग्ण टेबलावरून उठलेला नसल्याने तिन्ही मालिकांचा फ्रेम ऑफ रेफरन्स (जागा मोजण्याचा आधार) सहसा एकच असतो, आणि एक मालिका हलवली की सॉफ्टवेअर बाकीच्या दोन्ही मुकाट्याने सोबत हलवते. रोखलेल्या श्वासात श्वासपटल खाली गेलेले असते आणि गाठही. ती उचलून संथ श्वासातल्या प्लॅनिंग सीटीतल्या गाठीवर बसवली की पेटही तेवढेच वर जाते.

माझ्या हाती आलेल्या सीडीत ती कमी मात्रेची, संथ श्वासातली साधी सीटी नव्हतीच, आणि ती का नाही हे मी विचारलेही नाही. सुरेख सीटी घेतली, जुळवणीची चौकट गाठीभोवती आवळली, आणि गाठ इतकी छान बसली की चौकटीबाहेरचा मणका दीड सेंटिमीटर सरकला आहे हे पाहिलेच नाही. डॉक्टरांनी तो डाग रोगाचाच भाग समजून उपचाराच्या भागाचे रेखाटन वर वाढवले. प्लॅन तपासताना यकृताची फिकट छटा श्वासपटलाच्या वर, हवेने भरलेल्या फुफ्फुसात चढलेली दिसली, तेव्हा चूक कळली. उपचार सुरू झाले नव्हते, हेच नशीब.

खरा वेळ गेला तो त्यानंतर. ज्या केंद्रात तपासणी झाली त्याचे नाव लिहीत नाही. रुग्णाचा मुलगा देवासहून बसने तीनदा आला आणि खिडकीवर दर वेळी ऐकून गेला, "सीडी में सब है." दुसऱ्या सीडीत रंगीत फ्यूजनची चित्रे भरून मिळाली; त्या चित्रांना मापच नसते, त्यामुळे जुळवणीला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. तिसऱ्या खेपेस, ती सीटी अंतर्गत कामाची असल्याने देत नाही, असे उत्तर मिळाले. ज्या सीटीच्या आधारावर पेटचे एसयूव्हीचे (डाग किती तीव्र आहे याचे) आकडे उभे राहतात, ती अंतर्गत कामाची कशी, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. सहा दिवस गेले.

माझे मत असे, आणि ते एका फिजिसिस्टचे मत आहे, आपल्या विभागाची पद्धत व डॉक्टरांचा निर्णय त्याहून वरचा, की साधी सीटी मणका आणि कॅरिना (श्वासनलिका दुभंगते ती जागा) यांच्यावर जुळवावी आणि मग गाठीपाशी डोळ्यांनी तपासावे. श्वासपटलाचा घुमट दोन्हींत कोणत्या मणक्यासमोर येतो, एवढे पाहिले तरी निम्मे कोडे सुटते. उरलेला फरक फोर-डी सीटीच्या (श्वासाच्या सर्व टप्प्यांत घेतलेल्या सीटीच्या) सरासरी प्रतिमेशी ताडून पाहावा. डिफॉर्मेबल जुळवणीचा (प्रतिमा ताणून-वाकवून बसवण्याचा) मोह मात्र टाळावा. फुफ्फुस छातीच्या भिंतीवरून घसरते, तर बहुतेक अल्गोरिदम बदल सलग आणि गुळगुळीत असल्याचे धरून चालतात. चित्र सुंदर येते आणि चूक झाकली जाते. एएपीएमच्या (अमेरिकेतील मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या) टास्क ग्रुप 132 च्या 2017 च्या अहवालात जुळवणीतल्या चुकीला साधारण 2 ते 3 मिलिमीटरची मर्यादा दिली आहे, पण श्वासाने पसरट झालेल्या डागाला ती डोळे मिटून लावू नये. मध्ये केमोथेरपी होऊन गाठ आक्रसली असेल, तर जुने पेट ताणून बसवण्याच्या भानगडीत मी तरी पडत नाही. पेट केंद्र राजी असेल तर प्लॅनिंगसारखेच सपाट टेबल आणि हात डोक्यावर, एवढे आधीच सांगून ठेवावे.

अर्जात नुसते 'सीडी द्यावी' असे लिहू नये. 'पेटची करेक्शन केलेली मालिका आणि ज्या सीटीवरून ते करेक्शन झाले ती मूळ डायकॉम मालिका' असे लिहून (डायकॉम म्हणजे मापांसह साठवलेल्या मूळ प्रतिमांचा प्रकार) विभागप्रमुखांची सही घ्यावी, आणि नातेवाईक खिडकीपाशी उभे असतानाच फोनवर मालिकांची नावे वाचून घ्यावीत. मांडीपर्यंतची सीटी यादीत नसेल, तर त्यांना तिथून हलू देऊ नये.