रिसेप्शनचे फोटो जिवंत हवेत? मग आधी स्टेजवरची रांग मोडा

तुमचा प्रश्न असा आहे की डिसेंबरात लग्न आहे, रिसेप्शन धमाल व्हावं, फोटोत माणसं नैसर्गिक दिसावीत, तर कॅन्डिडवाला कसा निवडायचा आणि पॅकेज कुठलं घ्यायचं. फोटोग्राफरचं नंतर बघू. तुमचं रिसेप्शन सात ते दहा असेल आणि त्यातला बहुतेक वेळ तुम्ही दोघं सोफ्यापुढे उभे राहणार असाल, तर कितीही भारी कॅमेरा आणा, फोटो एकच येणार. फक्त बाजूची माणसं बदलत राहणार.

साधा हिशोब करा. 400 पाहुणे, चार-चार जण मिळून वर येणार, म्हणजे 100 घोळके. पायऱ्या चढणं, पाकीट, नमस्कार, 'ताई इकडे बघा', मग उतरणं, यात दीड मिनिट सहज जातं. झाले 150 मिनिटं. रात्री 10 वाजता नियमाप्रमाणे लाउडस्पीकर बंद. मग नाचायचं कधी, मैत्रिणींशी बोलायचं कधी?

हे मी तावातावाने लिहितेय कारण माझ्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बमात मी पानामागून पान त्याच जागी, त्याच हसण्यात उभी आहे. शेजारी बाबांच्या ऑफिसातली माणसं, सासऱ्यांच्या सोसायटीतली माणसं. आई मात्र रिसेप्शनच्या एकाही फोटोत नाही. ती वधूपक्षाच्या खोलीत दागिन्यांची आणि पाकिटांची बॅग मांडीवर घेऊन बसली होती. स्वतःच्या मुलीच्या रिसेप्शनला! आणि कुणालाच त्यात काही गैर वाटलं नाही, कारण बॅग सांभाळणं हे आईचंच काम, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

म्हणून धाकट्या बहिणीचं ठरलं तेव्हा मी बैठकीतच सांगितलं की रिसेप्शन मी बघणार. लग्न सांगलीत होतं. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलं आणि दागिन्यांची बॅग मामेभावाच्या ताब्यात दिली. त्यानंतर मी म्हटलं, स्टेज फक्त सात ते आठ. आठनंतर नवरा-नवरी खाली.

थोरले काका भडकले. "माणसं कुठून कुठून येतात, त्यांना स्टेजवर मान मिळायला नको? फोटोसाठी लग्न करताय का तुम्ही?" मी विचारलं, रांगेत पाऊण तास उभं करून दीड मिनिटात माणसाला खाली पाठवणं हा मान कसा? यावर बरंच वाजलं. शेवटी आजी म्हणाली, "आमच्या लग्नात स्टेज होतं कुठे? आम्ही दोघं पंगतीत जिलबी वाढत फिरलो." तिथे विषय मिटला, निदान त्या दिवसापुरता.

मग तसंच केलं. दोन्ही घरांचे ग्रुप फोटो पाहुणे यायच्या आत, सहालाच उरकले. आठ वाजता स्टेजचे दिवे बंद केले, कारण दिवे चालू असले की माणसं आपोआप तिकडे वळतात. बुफे ठेवला नव्हता, टेबल-खुर्चीची पंगत होती. बहिणीने पैठणीचा पदर कमरेला खोचला, हातात जिलबीचं ताट घेतलं. जावईबापू चिमटा घेऊन तिच्यामागे आणि आई मठ्ठ्याचा जग घेऊन त्यांच्यामागे. आमच्या धाकट्या मावशीने "नको गं, नको" म्हणत दोन्ही तळवे पानावर आडवे धरले होते. जावयांनी बोटांच्या फटीतून जिलबी सरकवली, पाक मावशीच्या बांगड्यांवर ओघळला आणि पूर्ण टेबल हसत सुटलं. त्या फोटोत आई मागे उभी आहे, जग कलंडायच्या बेतात, तोंड उघडं टाकून हसतेय. आईचा असा फोटो आमच्या घरात दुसरा नाही. कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, कारण प्रत्येकाच्या हाताला काहीतरी काम होतं. पाहुण्यांना 'नैसर्गिक हसा' सांगून काही होत नाही. हाताला काम द्या: वाढणं, आग्रह, उखाणे, घास भरवणं. नाचासाठी आम्ही डीजे न बोलवता हलगीवाले बोलावले. साडेआठला हलगी कडाडली तेव्हा कुणाला ओढून आणावं लागलं नाही.

आता प्रकाशाचं, कारण डेकोरेटर इथे हमखास घात करतात. रंग बदलणारे एलईडी चेहऱ्यावर पडले की माणसं जांभळी-निळी दिसतात आणि ते नंतर नीट निस्तरता येत नाही. जेवणाच्या आणि नाचाच्या जागेवर एकाच रंगाचा, स्थिर, पिवळसर उजेड मागा. छताला पांढरं कापड असेल तर फ्लॅश वर मारून मऊ उजेड मिळतो. लाल-हिरव्या कापडाचा रंग तोंडावर येतो. लेझर नकोच म्हणा, किरण थेट लेन्समध्ये गेला तर कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो. स्वस्तातले एलईडी लुकलुकतात आणि फोटोत पट्टे उमटतात, म्हणून फोटोग्राफरला आदल्या दिवशी संध्याकाळी हॉलवर नेऊन दिवे दाखवा. व्हिडिओवाल्याचा तो डोळ्यांवर मारलेला झगझगीत दिवा पंगतीत बंद, हे आधीच बजावा. तो आला की बोलणारी माणसंही ताठ बसतात.

पॅकेजबद्दल एवढंच सांगते. ॲडव्हान्स द्यायच्या आधी निवडक पंधरा-वीस फोटो बघू नका, एकाच लग्नाचे सगळे फोटो मागा. त्यातले पंगतीतले आणि नाचातले बघा, तिथे माणूस कळतो. आणि त्याच्यासोबत घरातलं एक चुलत-मावस भावंड द्या, म्हणजे आजी कोण, आत्या कोण हे त्याला कळेल.

हेही सांगायला हवं की हजार-बाराशे पाहुण्यांच्या लग्नात हे असंच्या असं जमणार नाही. तिथे फार तर शेवटचा एक तास मोकळा काढता येईल. आजी-आजोबांसोबतचा सरळ उभा राहून काढलेला फोटो हवाच, तो कॅन्डिडच्या नादात सोडू नका. कुणाला नाचतानाचे फोटो नको असतील तर तेही आधी विचारून घ्या.

तुमच्याही घरात काका असतीलच. त्यांना 150 मिनिटांचा हिशोब कागदावर मांडून दाखवा. आमच्या काकांना अजून पटलेलं नाही. 'त्या रिसेप्शनला नवरा-नवरी धड कुणाला भेटलीच नाहीत' असं ते आजही चारचौघांत म्हणतात आणि दरवेळी इचलकरंजीच्या पाहुण्यांचं नाव घेतात. ती दोघं शेवटच्या टेबलापर्यंत गेली होती. प्रत्येक टेबलाचा फोटो आहे, आणि इचलकरंजीचे पाहुणे त्यात जावयांच्या खांद्यावर हात टाकून जिलबी खाताना दिसतात.