रॅकेट वळते, चेंडू निसटतो : हालचालींवर चालणाऱ्या खेळांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवर तलवारबाजी खेळताना सुरुवातीला सगळं नीट चालतं. मग तलवार हळूहळू एका बाजूला सरकत जाते. कंट्रोलर बिघडला का?

बहुतेक वेळा नाही. जॉय-कॉनमधला, म्हणजे स्विचच्या कंट्रोलरमधला, जायरोस्कोप हा सेन्सर कोन मोजत नाही, वळण्याचा वेग मोजतो. त्या वेगाची सतत बेरीज करून कन्सोल कोन ठरवतो. प्रत्येक मोजणीत किंचित चूक असते आणि बेरजेत ती साठत जाते. वर-खालचा कल चुकला, तर अ‍ॅक्सेलेरोमीटरला (वेगातला बदल मोजणाऱ्या सेन्सरला) गुरुत्वाकर्षणाची दिशा कळत असल्यामुळे तो दुरुस्त होतो. डाव्या-उजव्या दिशेला असा कोणताच आधार नाही, म्हणून तलवार जवळजवळ नेहमी आडवीच सरकते.

खेळ चालू असताना कंट्रोलर सरळ पडद्याकडे धरा आणि दिशा मध्यावर आणण्यासाठी खेळात जे बटण दिलं असेल ते दाबा. सरकणं लगेच पुन्हा सुरू झालं, तर कॅलिब्रेशन करा, म्हणजे सेन्सरचं शून्य नव्याने ठरवा. जॉय-कॉन कन्सोलपासून सोडवा, सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘कंट्रोलर्स अँड सेन्सर्स’मध्ये ‘कॅलिब्रेट मोशन कंट्रोल्स’ निवडा, कंट्रोलर सपाट टेबलावर ठेवा आणि काम संपेपर्यंत हात लावू नका. इथेच बरेच जण चुकतात. कंट्रोलर हातात धरला, सोफ्यावर ठेवला किंवा स्पीकर वाजत असलेल्या टेबलावर ठेवला, तर ती हालचालच ‘स्थिर अवस्था’ म्हणून नोंदली जाते आणि आधीपेक्षा जास्त घोळ होतो. तापमानानेही जायरोचं शून्य सरकतं. थंड खोलीतला कंट्रोलर हातात गरम झाला की एकदा कॅलिब्रेशन करून घ्यावं.

मेनूमध्ये हात न लावता निवड आपोआप सरकत असेल, तर तो दोष काडीचा, म्हणजे अ‍ॅनालॉग स्टिकचा. तिचं कॅलिब्रेशन वेगळं असतं, आणि ती झिजली असेल तर बदलावीच लागते.

प्रश्न : टेनिसमध्ये माझे फोरहँड सतत उजवीकडे बाहेर जातात. मी उजव्या हाताने खेळतो.

निन्टेन्डोच्या जुन्या ‘वी’ कन्सोलवरचा ‘वी स्पोर्ट्स’ आणि ‘निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स’ या दोन्हींत खेळाडू आपोआप धावतो. तुमच्या हाती असते ती वेळ. उजव्या हाताचा फोरहँड लवकर मारला की चेंडू डावीकडे जातो, उशिरा मारला की उजवीकडे. म्हणजे तुमचा फटका उशिरा पोहोचतोय.

हात दोषी धरण्याआधी टीव्ही तपासा. चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत अनेक टीव्ही प्रत्येक फ्रेम काही काळ अडवून ठेवतात. सेकंदाला ६० फ्रेमच्या खेळात १०० मिलिसेकंद उशीर म्हणजे ६ फ्रेम, आणि तेवढ्यात चेंडू रॅकेटच्या पुढे गेलेला असतो. टीव्हीवर गेम मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा आणि कन्सोल मधल्या कोणत्याही उपकरणातून न नेता थेट टीव्हीला जोडा. एवढं करूनही चेंडू उजवीकडेच गेला, तर हात थोडा लवकर फिरवा.

प्रश्न : नुसत्या मनगटाच्या झटक्यानेही गुण मिळतात. मग पूर्ण हात फिरवायचा कशाला?

२००६ च्या वी रिमोटमध्ये हालचाल मोजायला फक्त अ‍ॅक्सेलेरोमीटर होता. हात कुठे आहे हे त्याला कळत नाही, झटका कळतो. म्हणून छोटा, जोरकस झटका पुरतो. २००९ मध्ये आलेल्या मोशनप्लस या रिमोटच्या जोडउपकरणाने जायरो जोडला आणि रॅकेटचा कोनही मोजला जाऊ लागला.

आमचं मत : हात फिरवा, पण पूर्ण ताकद लावू नका. खऱ्या टेनिसमध्ये चेंडूचा आघात हाताचा थोडा वेग शोषून घेतो. इथे तो आघात नाही, त्यामुळे वेगात निघालेला हात थांबवण्याचं सगळं काम खांद्यामागच्या स्नायूंवर येतं. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात वी टेनिसमुळे याच भागातल्या इन्फ्रास्पायनॅटस स्नायूचा कंडरा सुजल्याची नोंद आहे. खांदा दुखू लागला की त्या दिवशी खेळ थांबवा.

प्रश्न : मनगटाचा पट्टा खरंच लागतो का?

हो, लागतोच. घाम आला की पकड सुटते, आणि ती नेमकी फटक्याच्या सर्वांत वेगवान क्षणी सुटते. वीचे सुरुवातीचे पट्टे तुटू लागल्यावर निन्टेन्डोने २००६ च्या डिसेंबरमध्ये ते जाड पट्ट्यांनी बदलून दिले. पट्टा मनगटावर घट्ट सरकवा. आणि सुरुवात करण्याआधी हात पूर्ण पसरून जागच्या जागी एक गिरकी घ्या. कुठेही, वर पंख्यालाही, हात लागता कामा नये. दोघे खेळत असाल तर दोघांनी एकाच वेळी गिरकी घ्या.

प्रश्न : जुन्या वीचा बाण पडद्यावर थरथरतो.

टीव्हीजवळ ठेवायचा पट्टीसारखा सेन्सर बार नावाप्रमाणे काही टिपत नाही. त्याच्या दोन टोकांना अवरक्त दिवे आहेत आणि कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी आहे. खिडकीतलं ऊन, हॅलोजन दिवा किंवा चकचकीत काच रिमोटसमोर आली की कॅमेऱ्याला या दिव्यांशिवाय जास्तीचे ठिपके दिसतात आणि बाण थरथरतो. खिडकीचा पडदा ओढा आणि टीव्हीपासून १ ते २.५ मीटरवर उभे राहा. दिवे लागतात का हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा. बहुधा जांभळट ठिपके दिसतील. फटक्यांचा बारशी संबंध नाही, म्हणून बाण थरथरला तरी टेनिस व्यवस्थित चालतं.