तिसरं औषध जोडण्याआधी पहिली दोन खरंच ‘फेल’ झाली का, ते तपासा

ताई, मुलीच्या अपस्माराच्या (फिट्सच्या) औषधांबद्दलच्या तुमच्या पोस्टमधले आकडे वाचून राहवलं नाही. मुलगी सहा वर्षांची, वजन २० किलो. व्हॅल्प्रोएट सिरप ५ मिली दोन वेळा, तिसऱ्या वर्षापासून तेवढंच. लेव्हेटिरासिटाम २ मिली दोन वेळा, चिडचिड वाढली म्हणून बंद. आता फाईलवर ‘दोन औषधं फेल’ लिहिलंय आणि लॅमोट्रिजिन जोडायचं ठरतंय. मी डॉक्टर नाही, खालचं सगळं तुमच्या न्यूरोलॉजिस्टला विचारण्यासाठी आहे. घरी डोस हलवायचा नाही.

आधी मिलीचे मिग्रॅ करा. तुमचं सिरप ५ मिलीत २०० मिग्रॅचं असेल (लेबल बघा) तर दिवसाला ४०० मिग्रॅ जातात. तिसऱ्या वर्षी ती १४ किलोची असेल, तर तेव्हा किलोमागे साधारण २९ मिग्रॅ पडत होते. आज २० पडतात. मुलगी वाढली, डोस तिथेच राहिला. लेव्हेटिरासिटाम १ मिलीत १०० मिग्रॅ असतं, म्हणजे तेही किलोमागे २० मिग्रॅ. हा बहुतेकदा सुरुवातीचा डोस. पुढे ६० पर्यंत नेतात. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या अपस्मारावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१० च्या व्याख्येनुसार, योग्य निवडलेली, सोसलेली आणि पुरेशी दिलेली दोन औषधं वापरूनही झटके थांबले नाहीत, तर आजार औषधाला न जुमानणारा म्हणायचा. पुरेशा डोसाला पोचण्याआधीच दुष्परिणामामुळे सोडलेलं औषध त्या मोजणीत धरत नाहीत. तुमच्या फाईलवरचा ‘फेल’ मला तरी घाईचा वाटतो.

आता माझा राग. मुलांच्या औषधात सर्वात जास्त नुकसान करते ती चिठ्ठीवर फक्त ‘मिली’ लिहिण्याची सवय. क्लोबाझाम हे झटक्यांचंच आणखी एक औषध. त्याचं पातळ औषध ५ मिलीत ५ मिग्रॅ आणि ५ मिलीत १० मिग्रॅ अशा दोन ताकदींत मिळतं. फेनिटॉइन या दुसऱ्या औषधाचं ५ मिलीत ३० मिग्रॅचं आणि १२५ मिग्रॅचं, म्हणजे चौपटीहून जास्त फरक. आमच्या वाट्याला आलेल्या औषधाच्या खिडकीने दुप्पट ताकदीची क्लोबाझामची बाटली दिली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आमचं मूल दिवसभर झोपाळलेलं, लाळ गळतेय. फाईलवर शिक्का बसला: ‘औषध सोसत नाही’. लगेच एका झटक्यात बंदही केलं, आणि क्लोबाझाम असं तोडलं की झटक्यांची रांग लागू शकते, ती लागलीच. बाटली दाखवूनही नोंद दुरुस्त करायला कुणी तयार नव्हतं. पुढचा प्रत्येक नवा डॉक्टर तीच ओळ वाचून ते औषध बाजूला ठेवतो. म्हणून चिठ्ठीवर मिग्रॅ, ताकद आणि मिली तिन्ही लिहून घ्या, बाटली बदलली की लेबल ताडून बघा, रिकाम्या बाटलीचं लेबल जपून ठेवा. चमच्याने मोजू नका, सिरिंज वापरा. फेनिटॉइनची बाटली नीट हलवली नाही तर वरचं पातळ आणि तळातलं घट्ट निघतं.

लॅमोट्रिजिन ठरलंच तर एक गोष्ट पक्की विचारा: सोबत व्हॅल्प्रोएट आहे हे धरलंय का? व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिन शरीरातून फार हळू बाहेर पडतं, म्हणून त्याच्यासोबत सुरुवात किलोमागे ०.१५ मिग्रॅने, दोन आठवडे, मग ०.३ ने दोन आठवडे. तुमच्या मुलीला पहिल्या टप्प्यात दिवसाला ३ मिग्रॅ, तेही गोळीच्या ताकदीनुसार खालच्या बाजूला. इथे घाई केली की अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका वाढतो. पहिल्या आठ आठवड्यांत पुरळ, त्यासोबत ताप किंवा तोंडात फोड दिसले तर त्याच दिवशी दाखवायचं. काही दिवस गोळ्या चुकल्या तर परत जुन्या डोसावर उडी घेऊ नका, आधी विचारा.

आणखी एक: पहिले झटके वयाच्या पहिल्या वर्षाच्या आत, तापात आणि लांबलेले होते का? तसं असेल तर ड्राव्हे सिंड्रोमची (जनुकातल्या दोषामुळे होणारा अपस्माराचा गंभीर प्रकार) शंका काढून एससीएन१ए जनुकाची तपासणी विचारा. त्यात लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन झटके वाढवू शकतात.

विषयाला सोडून, पण फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा: ‘व्हॅल्प्रोएट चालू, मेरोपेनेम देण्याआधी विचारा.’ न्यूमोनियासाठी वगैरे भरती झाली आणि हे अँटिबायोटिक लागलं की रक्तातली व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते. व्हॅल्प्रोएटचा डोस वाढवूनही ती सहसा सावरत नाही. दुसरं अँटिबायोटिक चालणार नसेल तर तेवढ्या दिवसांसाठी झटक्यांचं वेगळं औषध लावावं लागतं, आणि ते रात्री ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरला आठवेलच असं नाही.